बेकरीच्या व्हॅनमधला आकडा

शनिवारी शाळा अर्धा दिवस असते आणि शनिवारी दुपारी बाबा गॅरेज बंद ठेवून बाहेरची कामं घेतात. ज्या गाड्या गॅरेजपर्यंत येऊच शकत नाहीत, त्यांच्याकडे बाबा जातात. ते गाड्यांचे वायरमन आहेत. इंजिन उघडणं, गिअर काढणं यात ते पडत नाहीत. बॅटरी, सेल्फ, दिवे, हॉर्न आणि या सगळ्यांना जोडणाऱ्या वायरी, एवढंच त्यांचं राज्य.

त्या शनिवारी बेकरीतून फोन आला तेव्हा आम्ही जेवत होतो. पाव पोचवायची व्हॅन सुरू होत नव्हती. दोन मेकॅनिक येऊन गेले होते. एकाने बॅटरी बदलली, दुसऱ्याने सेल्फ बदलला, आणि व्हॅन होती तिथेच होती.

"अर्थिंग असणार," बाबा पाणी पिऊन म्हणाले. "ठिणगे, मीटर घे. मौने, तू टॉर्च."

मौनी म्हणजे मी. मला बोलता येत नाही असं नाही, पण माझं वाक्य मनात जुळेपर्यंत समोरचे लोक दुसऱ्या विषयावर गेलेले असतात. ठिणगी माझी आतेबहीण. आत्याला दुसऱ्या गावी नोकरी लागली आणि तिथे राहायची सोय होईपर्यंत म्हणून ठिणगी आमच्याकडे आली. त्याला आता आठ महिने झाले होते. ती माझ्याच वर्गात, माझ्याच बाकावर बसायची आणि माझ्याच कपाटातला वरचा खण तिने घेतला होता. तेवढ्याचं मला काही नव्हतं. खण दोन होते.

पण टॉर्च मी तीन वर्षं धरली होती. गाडीखाली बाबांचे हात जिथे जातील तिथे उजेड त्यांच्या आधी पोचलेला असायचा. "जरा डावीकडे" असं त्यांना एकदाही म्हणावं लागलं नव्हतं. ठिणगी आली आणि पहिल्याच दिवशी तिने टॉर्च मागितली. ती बोलायची हातवारे करून, त्यामुळे उजेड छतावर, भिंतीवर, बाबांच्या डोळ्यांत, सगळीकडे फिरायचा. बाबा इतके हसले. "अगं, हिला टॉर्च नको, हिला मीटर द्या!" काम वाईट केलं म्हणून बढती मिळालेली मी दुसरी कुणी पाहिलेली नाही.

आणि आकड्याचं सांगायला हवं. मी लहान असताना बाबांनी मला एक खेळ शिकवला होता. मीटर अडथळा मोजायच्या खुणेवर लावायचा. एक पिन बाबांच्या चिमटीत, दुसरी माझ्या चिमटीत आणि मोकळे हात एकमेकांच्या हातात. मग आम्हा दोघांमधून करंटला जायला किती कष्ट पडतात ते मीटर सांगायचा. आकडा जितका कमी, तितकी वाट सोपी. आमचा आकडा आठशे साठ हजारांच्या आसपास यायचा. हात घट्ट धरला की उतरायचा, सैल सोडला की चढायचा. तो मला पाठ होता, जसा दुसऱ्यांना आपला वाढदिवस पाठ असतो.

ठिणगीने एकदा तो खेळ पाहिला. "मामा, मी!" म्हणून मध्ये घुसली. तिचा आणि बाबांचा आकडा आला पाचशे दहा हजार.

"बघ मौने, आमचं कनेक्शन जास्त पक्कं," ती म्हणाली.

बाबांनी नंतर समजावलं की तिच्या हाताला घाम येतो, माझे हात थंड आणि कोरडे असतात, एवढंच आहे ते. मी मान हलवली. त्यानंतर मी तो खेळ कधी मागितला नाही, आणि तो मागितला जात नाही हे बाबांच्या लक्षात आलं नाही.

बेकरीच्या मागे पत्र्याची शेड होती. बाहेर ढगाळ दुपार होती, पण आत शिरल्यावर दोन पावलांतच दिवस संपल्यासारखा वाटला. पीठ, यीस्टचा आंबूस वास, जळक्या कडांचा वास, आणि त्या सगळ्यांखाली निलगिरीच्या बामाचा एक थंड वास. व्हॅन मधोमध उभी होती. पांढरी, चौकोनी, नाक आत दाबल्यासारखी.

बेकरीवाले काका दारातच होते. जाड चष्मा, बनियनवर पीठ. त्यांच्या मागे काकू, हात पदराला पुसत. त्या काकांहून बऱ्याच लहान होत्या.

"मालक, आधी सांगा, कुणी बसल्यावर सुरू होत नाही आणि कुणी बसल्यावर होते?" बाबांनी विचारलं. बाबा नेहमी असंच विचारतात. आधी गाडीला नाही, माणसांना.

काकांनी काकूंकडे पाहिलं. "मी बसलो की होते. दोन्ही मेकॅनिक बसले, तेव्हा झाली. ही बसली की नाही होत."

"आणि चालवायची कुणी आहे?"

"मीच," काकू म्हणाल्या. "यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. डॉक्टरांनी गाडी बंद केली यांची. मी लायसन काढलं. पहाटे दोन शाळा आणि एका हॉस्पिटलच्या कँटीनला पाव जातात. गेले दहा दिवस हातगाडीवरून नेतोय. कँटीनवाल्याने सांगितलंय, सोमवारी वेळेवर आला नाहीत तर दुसरीकडून घेऊ."

"सोमवारी वेळेवर जाईल," बाबा म्हणाले.

गाडीत करंट बॅटरीतून निघतो तो वायरीने, पण परत येतो तो गाडीच्या लोखंडातून. इंजिन रबराच्या ठोकळ्यांवर ठेवलेलं असतं, म्हणून इंजिन आणि गाडीचं अंग जोडायला तांब्याची एक विणलेली पट्टी लावतात. ती अर्थिंगची पट्टी. ती सैल झाली, गंजली, की करंट घरी जायला दुसरी कुठलीतरी वाट शोधतो. ब्रेकच्या नळीतून, गिअरच्या तारेतून, मिळेल तिथून. मग हॉर्न दाबला की दिवे मंदावतात आणि ब्रेक दाबला की वायपर थरथरतो. लोकांना वाटतं गाडी झपाटली. बाबांनी अशा झपाटलेल्या चाळीस-एक गाड्या पट्टी बदलून बऱ्या केल्या आहेत.

त्यांनी हॉर्न दाबला. डॅशबोर्डचे दिवे विझल्यासारखे झाले. ब्रेक दाबला. वायपरने काचेवर बोटभर सरकून पुन्हा अंग चोरलं. बाबांचा चेहरा खुलला.

मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल पिन इंजिनला. ठिणगी मीटर धरून उभी राहिली. काका आत बसले, सेल्फ मारला. व्हॅन खोकली आणि सुरू झाली.

"शून्य पॉइंट दोन," ठिणगी ओरडली.

"एकदम छान. बंद करा. आता काकू, तुम्ही."

काकू चढल्या. मी टॉर्च इंजिनवर धरली होती, पण माझे डोळे काचेवर होते. त्यांनी किल्लीला हात लावायच्या आधी तो पदराला पुसला, जसा कुणाच्या घरात शिरताना पाय पुसतात. किल्ली फिरली. आतून फक्त 'टक' असा आवाज आला.

"नऊ!" ठिणगी म्हणाली. "मामा, नऊ व्होल्ट!"

म्हणजे परतीची वाट बंद. बाबांनी क्षणभर विचार केला. "मालक वजनाला भारी, तुम्ही हलक्या. जड माणूस बसला की बॉडी दबते आणि सुटलेली पट्टी कुठेतरी टेकते. तुम्ही बसलात की टेकत नाही."

"म्हणजे काकूंनी आधी डझनभर पाव खाऊन बसायला हवं!" ठिणगी म्हणाली आणि सगळे हसले. काकूसुद्धा. बाबा तर डोळे पुसत होते. अगदी तोच विनोद माझ्याही मनात आला होता. मी 'डझनभर' म्हणू की 'टोपलीभर' एवढंच ठरवत होते.

बाबा व्हॅनखाली गेले. मी टॉर्च घेऊन बाजूला आडवी झाले. पट्टी दिसली. ती सैल नव्हती. ती मधोमध तुटली होती, दोन्ही टोकं हिरवी पडली होती आणि त्यांच्यामध्ये माझा पंजा मावेल एवढं अंतर होतं. टोकांवर धुळीचा थर होता. कित्येक महिन्यांत ती कशाला टेकली नव्हती.

"मग आत्ता माझ्या हाताने सुरू कशी झाली?" काकांनी वाकून विचारलं.

बाबांनी पट्टीचं तुटकं टोक बोटाने चाचपलं. मी त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडू दिला नाही, पण ते उत्तर शोधत होते हे मला दिसलं. "करंट कुठूनही वाट काढतो," ते शेवटी म्हणाले. मग त्यांनी दहा नंबरचा पाना घेऊन बॅटरीचा निगेटिव्ह काढला आणि फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवला. "ही जाड पट्टी गॅरेजमध्ये नाही. दुकान चारला बंद होतं."

"दुकानदार माझ्या ओळखीचा आहे, उघडायला लावू," काका म्हणाले आणि दोघं स्कूटरवरून गेले. जाताना बाबा म्हणाले, "कशाला हात लावू नका. ठिणगे, मीटर सांभाळ."

आम्ही तिघी उरलो. काकू पिठाच्या पोत्यावर टेकल्या. ठिणगीने तेवढ्यात त्यांना विचारलंसुद्धा, "काकू, हा बामचा वास कुठून येतोय?"

"आतून." त्यांनी व्हॅनकडे हनुवटी केली. "मी तीनदा साबणाने धुतली. यांच्या पहिल्या बायकोची मनगटं दुखायची, त्या लावायच्या. अकरा वर्षं ही व्हॅन त्यांनी चालवली. यांनासुद्धा हात लावू द्यायच्या नाहीत. हॉस्पिटलमध्ये होत्या, तेव्हा किल्ली उशीखाली. शेवटच्या आठवड्यात त्यांना बोलता यायचं नाही, पण मी डबा घेऊन गेले की हात उशीखाली जायचा."

"तुम्ही तेव्हा...?"

"काउंटरला होते. सहा वर्षं." काकूंनी पोत्यावरचं पीठ हाताने सारखं केलं. "तसं काही नव्हतं गं तेव्हा. पण त्यांना वाटायचं. त्या गाडीत बसून माझ्याकडे बघायच्या. काचेतून. इंजिन चालू ठेवून... नुसत्या बघत राहायच्या."

पुढे दुकानातली घंटा वाजली आणि त्या उठून गेल्या. शेडचं दार त्यांच्यामागे आपोआप ओढलं गेलं.

मला त्या आधीच्या काकूंची भीती वाटायला हवी होती. पण काचेतून बघत राहणं म्हणजे काय, ते मला माहीत होतं. मी आठ महिने तेच करत होते.

ठिणगीला दोन मिनिटं स्वस्थ बसवत नाही. तिने मीटर अडथळ्याच्या खुणेवर लावला, एक पिन इंजिनला आणि एक बॉडीला टेकवली. "पट्टी तुटलीय, म्हणजे आता काहीच यायला नको. हो ना?"

"किंवा दुसऱ्या वाटेने शून्याजवळ काहीतरी," मी म्हणाले.

मीटरवर आलं सातशे वीस हजार. मग सातशे दहा. मग सातशे चाळीस. आकडा वर जात होता, खाली येत होता, सावकाश, एका लयीत.

"बिघडला वाटतं हा," ठिणगी म्हणाली.

मी तिची बोटं पाहिली. पिनेच्या लोखंडी टोकाला बोट लागू द्यायचं नाही, हा बाबांचा पहिला धडा. लागलं तर मीटर वस्तू सोडून तुम्हालाच मोजतो. तिची बोटं प्लास्टिकवरच होती. आणि तो आकडा... गंज असा आकडा देत नाही. लोखंड एकतर शून्य देतं, नाहीतर काहीच देत नाही. असा हलता आकडा मी आयुष्यात एकाच ठिकाणी पाहिला होता. तुटलेल्या पट्टीच्या दोन टोकांमध्ये कुणीतरी माणूस होतं. दोन्ही हातांनी धरून.

हे मी तिला सांगायला हवं होतं. माझं वाक्य तयारही होतं, या वेळी उशीर झाला नव्हता.

"गंज असेल," मी म्हणाले.

"धर गं हा. कंटाळा आला." तिने मीटर माझ्या हातात कोंबला. तीन वर्षं ज्याची वाट पाहिली तो मीटर, एखाद्याने ओली छत्री धरायला द्यावी तसा. "काय चिकट झालाय तो. शी."

तेव्हा मी ते बोलले. माझा आवाज मला नेहमीपेक्षा गोड वाटला.

"ठिणगे, तू ड्रायव्हरच्या जागेवर बस ना. वजनाने आकडा बदलतो का बघू. बाबांना सांगता येईल."

"आयला, हुशार आहेस की!" ती म्हणाली, आणि टुणकन आत चढली. दार लावून घेतलं. किल्ली तिथेच होती. तिने स्टिअरिंग इकडे-तिकडे फिरवल्याचं सोंग केलं, काचेतून मला दात दाखवले आणि किल्लीवर हात ठेवला. मी मीटर पुढच्या कडेवर ठेवून पिना पुन्हा इंजिनला आणि बॉडीला टेकवल्या होत्या.

आकडा उतरला. सातशे. सहाशे पन्नास. सहाशे. लय थांबली होती. खेळात हात आवळला की आकडा असाच उतरायचा.

"किती?" काचेआडून तिचा आवाज आला.

मी उत्तर दिलं नाही. मला एक विचार सुचला होता आणि तो कुठून आला ते मला आजही सांगता येणार नाही. मला बघायचं होतं, माझा आकडा किती येतो.

मी दोन्ही हातांची मधली बोटं पिनांच्या लोखंडी टोकांवर टेकवली.

पाचशे. चारशे ऐंशी. पाचशे दहाची खूण कधी मागे पडली कळलंसुद्धा नाही. तीनशे. एकशे वीस. चाळीस. कुणाबरोबरही, बाबांबरोबरही, मी इतकी खाली कधी आले नव्हते. माझे हात, जे उन्हाळ्यातही गार असतात, ते ऊबदार झाले. निलगिरीचा वास अगदी जवळून आला, माझ्या मनगटांवरून आल्यासारखा. मला रडू येईल असं वाटलं. एवढं चांगलं वाटत होतं.

खट् असा आवाज झाला. व्हॅनची दोन्ही दारं आतून लॉक झाली. बॅटरीचा निगेटिव्ह फडक्यात गुंडाळलेला समोर पडला होता. तरी डॅशबोर्डवर एक नारिंगी दिवा लागला, अगदी मंद.

"मौने, तू काय जोडलंस का?" ठिणगी हसत होती. मग दार उघडायला गेली. हसणं राहिलं. "मौने, दार..."

काचेवर आतून वाफ धरायला लागली. आधी तिच्या बाजूला नाही, शेजारच्या रिकाम्या सीटच्या बाजूला. हाताएवढा एक पांढरा डाग, तो विरायचा, पुन्हा धरायचा.

"मौने... उघड ना. हे बघ, मस्करी नको." तिने डाव्या हाताने काच वाजवली. उजवा हात किल्लीवरच होता. "माझा हात निघत नाहीये... कुणीतरी वरून धरलाय... मौने, कुणीतरी..."

वीस. अकरा.

मला फक्त बोटं उचलायची होती. दोन बोटं. ते मला पक्कं माहीत होतं. परतीची वाट मी होते. मी नसते तर काहीच जाऊ शकलं नसतं. मी हे पुन्हा पुन्हा मनात तपासून पाहिलं आहे आणि दर वेळी हेच येतं, की मला माहीत होतं.

आकडा शून्यावर पोचला.

वाफेआड ठिणगीचा हात काचेवर आपटत राहिला, मग हळू झाला, मग थांबला. ती बोलायची थांबली. आठ महिन्यांत पहिल्यांदा घरात, वर्गात, गॅरेजमध्ये, कुठेही ती बोलत नव्हती. शेडमध्ये भट्टीचा पत्रा थंड होताना करकरत होता, तेवढाच आवाज.

आणि मग मीटर बंद पडला.

आमच्या मीटरला एक खोड आहे. पंधरा मिनिटं त्याचं बटण फिरवलं नाही की तो आपोआप बंद होतो. मी किती वेळ तशी उभी होते, ते मला एवढ्यामुळेच कळलं. पडदा रिकामा दिसला तेव्हा मी दचकले आणि बोटं सुटली.

दारं खट् करून उघडली. ठिणगी बाहेर पडली नाही, मी तिला ओढून काढली. तिच्या उजव्या तळव्यात किल्लीच्या डोक्याचा ठसा होता, भोकासकट. आपण स्वतः धरल्याने किल्ली इतकी रुतत नाही. तिचा हात गार पडला होता, पूर्ण कोरडा.

काकू धावत आल्या, पाणी पाजलं. थोड्या वेळाने बाबा आणि काका नवी पट्टी घेऊन आले. "उकडलं असेल, बंद गाडीत कशाला बसायचं?" बाबा म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "मीटर लावला होता का? काय आलं?"

ठिणगी माझ्याकडे बघत होती.

"काही नाही आलं," मी म्हणाले.

बाबांनी पट्टी बसवली, बोल्ट आवळले, निगेटिव्ह जोडला. काकू बसल्या. किल्ली फिरवताच व्हॅन सुरू झाली. काकांनी चष्मा काढून डोळे पुसले, काकू किल्ली धरून नुसत्या हसत राहिल्या आणि आम्हाला निघताना पिशवीभर गरम बन मिळाले. बाबा खुशीत होते. स्कूटरवर मी मध्ये बसले होते आणि ठिणगी माझ्या मागे. एरवी ती पडू नये म्हणून मला धरून बसते. त्या दिवशी तिने कॅरिअरचा दांडा धरला होता.

झोपायच्या आधी तिने कपाटातला वरचा खण रिकामा केला.

"तू मला दिसत होतीस," ती पाठमोरी म्हणाली. "तू इतकी छान हसत होतीस... मी तुला हाका मारत होते आणि तू हसत होतीस. शेजारी कोण होतं, ते मी बघितलंच नाही. मी तुझ्याकडेच बघत होते."

दोन आठवड्यांत आत्या येऊन तिला घेऊन गेली. सोय झाली नव्हती, एका खोलीत दोघी राहणार होत्या. बाबांना वाईट वाटलं. ते बरेच दिवस दुपारी फोन लावायचे, पण ठिणगी 'हो', 'नाही' एवढंच बोलायची. पुढच्या शनिवारी त्यांनी मीटर माझ्यासमोर धरला. "आता तूच गं बाई." मला आनंद झाला. तो झाला नाही असं मी म्हणणार नाही.

बेकरीची व्हॅन आता रोज पहाटे फिरते. कँटीनचं काम टिकलं. महिन्याभराने काकू व्हॅन घेऊन गॅरेजवर आल्या, काका शेजारी बसले होते. गाडी उत्तम चालतेय, फक्त ड्रायव्हरची सीट सरकते, असं काकूंचं म्हणणं होतं. रोज दुपारी त्या सीट आपल्या अंतरावर लावून व्हॅन बंद करतात आणि पहाटे बघावं तर ती मागे गेलेली असते. दोन खाचा मागे, रोज तेवढीच.

"आधीच्या बाईंच्या अंतरावर लावलेली असायची का?" बाबांनी हसत विचारलं.

"छे," काका म्हणाले. "ती हिच्याहून बुटकी. स्टिअरिंगला पोट लागेल इतकी पुढे घेऊन बसायची."

बाबांनी सीटखालचा दांडा तपासला, स्प्रिंग नवी टाकली, ग्रीस लावलं. मग सीट जिथे मागे जाऊन थांबायची तिथे नेऊन ठेवली आणि म्हणाले, "मौने, बसून बघ जरा, वजन पडल्यावर हलते का."

मी बसले. माझे पाय बरोबर पेडलवर आले. कोपरं थोडी वाकून हात बरोबर स्टिअरिंगवर आले. शाळेच्या बाकावरसुद्धा मी इतकी नीट कधी मावले नव्हते.

"हलत नाही," मी म्हणाले आणि उतरले.

ही उन्हाळ्याच्या आधीची गोष्ट. या सत्रात आईने माझ्या शाळेच्या स्कर्टची दुमड सोडली, तरी तो गुडघ्याच्या वरच राहतो. आज पहाटे काकू आमच्या गल्लीत पाव द्यायला आल्या होत्या. त्यांनी इंजिन बंद केलं नाही, काच अर्धी खाली करून बाबांना सांगितलं, की सीटचं पुन्हा एकदा बघायला हवं. आता ती तीन खाचा मागे जाते.